तीन मिनिटं झाली

दार वाजवलं की आतून आवाज यायचा, "बोला, पनवेल!"

पहिल्यांदा मी दचकलेच. शाळेतल्या नोकरीसाठी नुकतीच साताऱ्याहून आले होते. हातात पत्र्याची ट्रंक घेऊन, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशा नवीन पनवेलच्या इमारतींमध्ये तासभर पत्ता शोधत फिरले होते. आता चुकून एखाद्या ऑफिसात शिरले की काय असं वाटलं. दार उघडलं तर समोर एक ठेंगणी, गोल बाई. अंगावर मोठमोठ्या फुलांची नायलॉनची साडी, पायात घरातसुद्धा पुरुषी चपला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं भलंमोठं पुरुषी घड्याळ. मी सुरुवात केली. गाव कुठलं, वडील काय करतात, मुख्याध्यापकांनी तुमचं नाव कसं सुचवलं, एस.टी. किती उशिरा आली. बाई घड्याळाकडे बघत शांतपणे ऐकत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली. वाढवू का?"

मला काही कळेना. "मला खोली हवी आहे," एवढंच मी कसंबसं म्हणाले.

"मग हे पहिल्या मिनिटात सांगायचं असतं. ये आत. जेवलीस का?"

अशा रीतीनं मी त्यांची भाडेकरू झाले आणि पुढची सहा वर्षं तिथून हलले नाही.

बाईंनी जुन्या पनवेलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पंचवीस वर्षं ट्रंक कॉल जोडले होते. आताच्या मुलांना हे सांगावं लागतं. तेव्हा परगावी बोलायचं तर आधी एक्स्चेंजला नंबर द्यायचा, मग ताटकळत बसायचं, मग बाईंसारखं कुणीतरी बोर्डावर वायर खोचून तुमची लाइन जोडून देणार. आणि तुम्ही रंगात आलात की मधेच आवाज येणार, तीन मिनिटं झाली, वाढवू का? तांदळाच्या व्यापाऱ्यांपासून नव्या नवऱ्यांपर्यंत साऱ्या पनवेलला बाईंनी असं मधेच तोडलं होतं. "गावातली निम्मी लफडी ह्या कानातून गेलीत," डाव्या कानावर टिचकी मारत त्या म्हणायच्या. त्या कानाला आता ऐकू येत नसे. पंचवीस वर्षं त्याच कानाला हेडफोन लावल्यामुळे तो आपण सरकारला देऊन टाकला, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला बसायचं, हा घरातला पहिला नियम.

मग एसटीडी आली. गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे बूथ झाले, बोर्ड बंद पडले आणि बाईंनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. लोकांना वाटलं, आता बाई लोणची घालतील, देव देव करतील. बाईंना दोन्ही जमत नव्हतं. "लोक आपापले बोलायला लागले ते चांगलंच झालं," त्या म्हणायच्या. "पण ज्यांचा फोन कुणी उचलतच नाही त्यांचं काय? तिथं अजून ऑपरेटर लागतो."

हे वाक्य ऐकलं तेव्हा मी मान डोलावली आणि वरणाला फोडणी दिली. त्याचा अर्थ कळायला चांगुणा यावी लागली.

चांगुणा आमच्या इमारतीत मासळी घेऊन यायची. मूळची खाडीकाठची. तिच्या सासऱ्याच्या होड्या जिथं लागायच्या तिथं भराव पडला, खाडी दूर गेली आणि घर राहिलं रुळांपलीकडच्या नाल्याच्या कडेला. मग तिच्या घराभोवती हळूहळू वस्ती उभी राहिली. आमच्या इमारती बांधायला मराठवाड्यातून, कर्नाटकातून माणसं आली होती. इमारती बांधून झाल्या, रंग झाले, आम्ही पडदे लावून राहायला आलो आणि बांधणारे नाल्याकाठीच राहिले. शे-सव्वाशे घरं असतील. पाण्याला एकच हातपंप, त्याचंही पाणी मचूळ झालेलं. त्यामुळे बायका हंडे घेऊन रूळ ओलांडायच्या आणि आमच्या कॉलनीत येऊन नळासाठी विनवण्या करायच्या. आमची सुशिक्षित मंडळी तेव्हा घाईघाईनं खिडक्या लावून घ्यायची. मीही लावली आहे एकदा, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी चांगुणानं पाटी उतरवली ती मासळी दाखवायला नाही. पाटीत अॅल्युमिनियमचा एक हंडा होता, चपातीसारखा सपाट झालेला.

"बाई, मंगाशी सुनेला वेनीला धरून वढली," ती म्हणाली. "इंजिन आयला. ती रुलावरशी उठंना, हंड्याला कवटालून बसली व्हती. पाचवा महिना हाय तिला. मी वढली. हंडा गेला."

एवढं बोलून ती मटकन खाली बसली. बाई घड्याळाकडे बघायला विसरल्या. मी त्यांना असं विसरताना पहिल्यांदाच पाहत होते. मग बाईंनी पायात होत्याच त्या चपला फटफट आपटल्या आणि म्हणाल्या, "चल. मला वस्ती दाखव."

दर शनिवारी दुपारी वस्तीतल्या चिंचेखाली बैठक सुरू झाली. बाईंचे नियम ट्रंक कॉलचे. प्रत्येकीला तीन मिनिटं, कमी नाही आणि जास्त नाही. मधे कुणी बोलायचं नाही. वेळ वाढवून हवा असेल तर बाकीच्या सगळ्यांनी मिळून "वाढवा!" असं ओरडायचं, एकीचाही आवाज कमी पडला तर बसायचं. मी शाळामास्तरीण, मला ते पोरखेळ वाटले. पाण्याचा प्रश्न आहे, सरळ अर्ज करावा, चार सह्या घ्याव्यात. मी तसं म्हणालेसुद्धा. माझं अक्षर चांगलं आहे, मी लिहून देते.

"तुझं अक्षर तुझ्याकडे ठेव," बाई म्हणाल्या. "अर्ज सून लिहील."

चांगुणाची सून चौथी शिकलेली. तिनं आठ ओळींच्या अर्जाला चार दिवस लावले. 'विनंती'तली पहिली वेलांटी दीर्घ होती आणि 'पाणी' दर वेळी वेगळं होतं. माझ्या बोटांत लाल पेन शिवशिवत होतं. बाईंनी एक काना बदलू दिला नाही.

शमीमचं सांगते. ती वस्तीत ब्लाउज आणि परकर शिवायची, बोटं सतत दोऱ्यांनी गुंडाळलेली. तिची पाळी आली तेव्हा ती उठून उभी राहिली, पदर तोंडावर ओढला आणि गप्प. बायका खुसखुसायला लागल्या. बाईंनी घड्याळ वर धरलं. "तिची तीन मिनिटं आहेत. तिला हवी तशी ती वापरेल." आणि काय सांगू, अख्खी बैठक तीन मिनिटं चिडीचूप बसून राहिली! तीन मिनिटं म्हणजे केवढा वेळ असतो हे मला तेव्हा कळलं. पुढच्या शनिवारी शमीमनं फक्त आपलं नाव सांगितलं. तिसऱ्या शनिवारी ती बोलायला लागली ती थांबेचना. हातपंपाच्या पाण्यानं मुलांच्या पोटात कसं दुखतं, धुतलेलं कापड कसं पिवळं पडतं, नवरा म्हणतो पाण्याला जा आणि सासू म्हणते रुळावर जाऊ नको, मग जायचं तरी कुठं? तीन मिनिटं झाल्यावर चिंचेवरचे कावळे उडावेत असा आवाज उठला, "वाढवा!" मीही ओरडले होते. घसा बसला माझा, दुसऱ्या दिवशी वर्गात खडूनं लिहूनच शिकवलं.

कॉलनीत अर्थातच चर्चा सुरू झाली. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी एकदा जिन्यात बाईंना म्हणाले, "बाई, ह्या लोकांना फार डोक्यावर चढवू नका."

"त्यांच्या डोक्यावर आधीच हंडा आहे हो," बाई म्हणाल्या, "माझ्या डोक्यावर कुठनं चढणार?" आणि त्यांना एक पेपरमिंट देऊन खाली उतरल्या. बाईंच्या पिशवीत कायम पेपरमिंटं असत. भांडायच्या आधी त्या समोरच्याला एक देत, म्हणजे त्याचं तोंड थोडा वेळ तरी बंद राहतं.

एवढ्या हुशार बाई, पण चुकायचं तिथं चुकल्याच. ती चूक मी लपवणार नाही, कारण त्यांनीही कधी लपवली नाही.

पाणीखात्याच्या साहेबांची भेट ठरली. बायकांनी शनिवारीच ठरवलं होतं की चांगुणा बोलणार. आम्ही सात-आठ जणी साहेबांच्या टेबलासमोर उभ्या. चांगुणानं सुरुवात केली, पंपाचं सांगितलं, रुळांचं सांगितलं. दोन मिनिटं झाली असतील. साहेब फाइल चाळत होते, मधेच फोन घेत होते. बाईंना ते बघवेना. पंचवीस वर्षांची ऑपरेटर, समोरचा ऐकत नाही म्हटल्यावर त्यांचा जीव वरखाली व्हायला लागला. आणि त्या मधेच बोलल्या. फाडफाड इंग्रजीत. साहेबांनी फाइल मिटली, खुर्ची मागवली, चहा मागवला. चांगुणाचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं, ते तिनं मिटलं. पाचव्या मिनिटाला साहेबांनी विचारलं, नळ कुठं हवा? बाई म्हणाल्या, हायवेच्या बाजूला, मोकळी जागा आहे, पाइप टाकायला सोपं पडेल.

आणि नळ आला! महिन्याच्या आत आला! आम्ही नारळ फोडला, पेढे वाटले, मी तर साताऱ्याला पत्र लिहिलं. पंधरा दिवसांनी बाई आणि मी सहज म्हणून बघायला गेलो. हायवेच्या कडेला गॅरेज होतं, तिथं ट्रक थांबायचे. नळाखाली दोन क्लिनर चड्डीवर आंघोळ करत होते. एक ट्रक धुतला जात होता. वस्तीतली एकही बाई तिथं नव्हती. तिकडे रुळांवरून मात्र हंड्यांची रांग चालली होती, रोजच्यासारखी.

चांगुणाला विचारलं तर ती पाटीतली मांदेली निवडत राहिली. "त्या नलावं आमच्या पोरी कशा जातील, बाई? दारू पिवन बसतात तिथं. मी त्येच सांगनार व्हते. चिचेखाली द्या म्हनून. सगल्यांचे दरवाजे चिचंवर उगडतात."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी बोलत व्हते ना."

बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मी समजूत घालायला गेले की झालं गेलं, तुमचा हेतू चांगला होता. त्या उसळल्या. "हेतूला काय चाटायचंय? ऑपरेटरचं काम काय? लाइन जोडायची आणि बाजूला व्हायचं. मधे बोलायचं नाही. पंचवीस वर्षांत मी एकदाही कुणाच्या कॉलमध्ये तोंड घातलं नाही. आणि इथं घातलं! तिचं एक मिनिट शिल्लक होतं गं, आणि नळाची जागा नेमकी त्या मिनिटात होती."

पुढच्या शनिवारी त्या बैठकीत पाळी लावून उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या शेवटी. "चांगुणाचं एक मिनिट मी खाल्लं," एवढंच म्हणाल्या आणि उरलेला वेळ शमीमसारख्याच गप्प उभ्या राहिल्या. ह्या वेळी कुणी खुसखुसलं नाही. वेळ संपल्यावर त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि चांगुणाच्या हातावर बांधलं. पट्टा तिला सैल झाला, म्हणून शमीमनं तिथल्या तिथं सुईदोऱ्यानं टाका घालून दिला.

दुसऱ्या खेपेला साहेबांकडे गेलो तेव्हा बाई आत आल्याच नाहीत. मलाही त्यांनी हाताला धरून बाहेरच्या बाकावर बसवलं. "तू तर अजिबात नको. तू शुद्धलेखन सुधारशील." दार लोटलेलं होतं. बाई उजवा कान दाराकडे करून बसल्या होत्या आणि एकामागून एक पेपरमिंटं खात होत्या. सवयीनं मनगट उलटं करून बघायच्या, तिथं काही नसायचं. मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. सून आता आठव्या महिन्यात होती. ह्या वेळी जमलं नाही तर ती बाळंत होईपर्यंत आणि त्यानंतरही पाणी रुळांपलीकडूनच यायचं होतं.

आतून खण्णकन आवाज आला. चेपलेला हंडा टेबलावर आदळला होता.

"सायब," चांगुणाचा आवाज, "इंजिन आयला तवा ह्यो हंडा मी नाय वढला, सुनेला वढली. मना दोनच हात हायेत."

फाइलींचा आवाज बंद झाला. मग ती एका दमात सांगत गेली. चिंच कुठं आहे, किती घरांचे दरवाजे तिच्याकडे उघडतात, पाइप नाल्याच्या कोणत्या अंगानं आणला की खणायला सोपं, नळाला कॉक बसवला तर त्याची चावी कोण ठेवणार, घरटी हंडे कसे ठरवणार. मी बाकावर ताठ बसले. हे सगळं त्यांनी शनिवारी शनिवारी ठरवलेलं, त्यात बाईंचा एक शब्द नव्हता!

साहेब म्हणाले, "अहो, मग पहिल्याच वेळी का नाही सांगितलंत हे?"

बाईंनी पेपरमिंट चघळायचं थांबवलं.

"तवा आमचा येक मिनिट राहिला व्हता," चांगुणा म्हणाली.

बाईंनी माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी पिचली. डोळ्यांतून पाणी, तोंडात पेपरमिंट आणि चेहऱ्यावर असं हसू, की शिपायानं येऊन विचारलं, काय झालं, बरं वाटत नाही का?

चिंचेखाली नळ आला तेव्हा सुनेची मुलगी पंधरा दिवसांची होती. चावी दर आठवड्याला वेगळ्या घरी जायची. रांगेत भांडण झालं तर दोघींनाही तीन तीन मिनिटं मिळायची, बाकीच्यांनी हंडा खाली ठेवून ऐकायचं. वॉशर बदलायला शमीम शिकली. हायवेवरचा नळ वस्तीच्याच अर्जावरून बंद झाला, अर्ज पुन्हा सुनेनंच लिहिला आणि 'पाणी' ह्या खेपेला सगळीकडे एकसारखं होतं. पुढं नाल्याचा, मग दिव्यांचा, मग बालवाडीचा विषय निघाला. बाई चिंचेखाली उजवा कान पुढं करून नुसत्या बसायच्या.

दीडेक वर्षानं त्यांना उरणजवळच्या मोरा बंदरातून निरोप आला. धक्क्यावर मासळी विकणाऱ्या बायकांना बसायला शेड नाही, उन्हात मासळी खराब होते, बाई येतील का? बाईंचं वय तेव्हा साठीला टेकलेलं, पण त्या नाचायच्याच बाकी राहिल्या. आता शनिवार मोऱ्याला द्यायचे. पण वस्तीला सांगायचं कसं? आठवडाभर त्या स्वयंपाकघरात भाषण पाठ करत होत्या. मी पोळ्या लाटता लाटता ऐकायची. सुरुवातीला कोण कशी बोलायला लागली ते, मधे नळाचं, आणि शेवटचं वाक्य, "आता तुम्हांला माझी गरज उरलेली नाही." ह्या वाक्याशी आल्या की दर वेळी त्या अडायच्या. मग नाक पुसून पुन्हा पहिल्यापासून.

त्या शनिवारी त्या सर्वांत नवी, भगव्या फुलांची साडी नेसून गेल्या. पाळी आल्यावर उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. शमीमच्या गप्प उभं राहण्याचं सांगितलं, बायका हसल्या. वेलांटीचं सांगितलं, सून लाजली. मोऱ्याचं सांगितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. बाई खुलत गेल्या, पाठ केलेलं सोडून भलतंच बोलायला लागल्या, एक्स्चेंजचे किस्से निघाले. मला काळजी वाटायला लागली, कारण शेवटचं वाक्य अजून लांब होतं.

चांगुणानं मनगट वळवून पाहिलं.

"बाई, तीन मिन्टा झाली."

बाई थांबल्या. त्यांनी आशेनं शमीमकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग माझ्याकडे. 'वाढवा' म्हणायला मी तोंड उघडलं होतं, पण एकटीच्या आवाजाला किंमत नाही हा नियम मला माहीत होता.

"बसा आता," चांगुणा उठत म्हणाली. "पानी येल. मोऱ्यावं कंदी जायचा त्ये सांगा, म्या पन येन. तिथं माजी मावसबहीन हाय."

तोवर नळानं फुर्र केलं होतं. बायका पदर खोचून भराभर उठल्या, हंड्यांचा खणखणाट झाला, शमीम चावी घेऊन पळाली. दोन मिनिटांत सतरंजीवर आम्ही दोघीच उरलो.

सतरंजीची घडी घालून निघालो. रुळांपाशी आल्यावर मला राहवेना. "बाई, तुमचं शेवटचं वाक्य राहिलं की हो. आठवडाभर पाठ केलेलं."

बाईंनी दोन्ही बाजूंना पाहून रूळ ओलांडले. पलीकडे गेल्यावर पिशवीतून पेपरमिंट काढून माझ्या हातावर ठेवलं.

"चांगुणानं म्हटलं ना ते," त्या म्हणाल्या, आणि फुलाफुलांचा पदर खोचून झपाझप चालायला लागल्या. मोऱ्याची एस.टी. किती वाजता सुटते ते डेपोत जाऊन विचारायचं होतं.